रुपये कोणी पाडायचे आणि किती? अर्थशास्त्रज्ञ मंत्री डॉ. आंबेडकर

एप्रिल उजाडला की एक निरोप मोबाइलवर फिरू लागतो: रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. त्याखाली कोणीतरी तावातावाने लिहितंच: छे, ती तर इंग्रजांनी १९३४ च्या कायद्याने काढली. दोघांचंही काम एका ओळीत उरकतं आणि मधली गोष्ट, जी या दोन्हींपेक्षा जास्त रंजक आहे, ती तशीच राहते. बाबासाहेब घटनाकार, बाबासाहेब समाजक्रांतिकारक, बाबासाहेब कायदामंत्री, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण त्यांच्या बहुतेक मोठ्या पदव्या अर्थशास्त्रातल्या आहेत, आणि त्यांच्या राजकारणातल्या कितीतरी भूमिका त्या अभ्यासाकडे पाठ करून समजतच नाहीत. म्हणून या लेखात त्यांच्याकडे अर्थशास्त्रज्ञ म्हणून बघू. थोडा वेळ चलनाच्या किचकट भागात काढावा लागेल, पण तो भाग टाळला तर पुढचं सगळं भाषणबाजी वाटेल.

आधी शिक्षण पटकन सांगतो. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथे एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचे, नावाजलेले प्राध्यापक त्यांना लाभले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे पुढच्याच वर्षी परत यावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आणि १९२० मध्ये साठवलेले पैसे व शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर पुन्हा लंडन. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी. कोलंबियाची पीएचडी रीतसर पदरात पडली १९२७ साली. बॅरिस्टरी याच धावपळीत झाली आणि पुढे पोटापाण्याला तीच उपयोगी पडली, त्यामुळे लोकांच्या डोळ्यांपुढे वकील राहिला आणि अर्थतज्ज्ञ मागे पडला.

चांदीचा रुपया आणि लंडनची देणी

डीएस्सीच्या प्रबंधाचा विषय होता रुपया. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने तो १९२३ मध्ये लंडनला छापला गेला. प्रश्न काय होता?

१८३५ पासून कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया चालू लागला: १८० ग्रेन वजनाचा, त्यातली १६५ ग्रेन शुद्ध चांदी. कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावं, थोडं शुल्क भरावं, रुपये पाडून घ्यावेत. यातली मेख लक्षात घ्या. देशात किती रुपये असावेत हे सरकार ठरवत नव्हतं. ते चांदी ठरवत होती, आणि चांदी आणणारे व्यापारी.

१८७० नंतर घोटाळा झाला. जर्मनी सोन्याच्या चलनाकडे वळला, पाठोपाठ इतर देश वळले, जुनी चांदी बाजारात आली, खाणींतूनही भरपूर निघू लागली. चांदी पडली, आणि चांदीचा असल्यामुळे रुपयाही पडला. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका रुपयाला लंडनमध्ये जवळजवळ २ शिलिंग मिळत (तेव्हा एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स होत). १८९२–९३ पर्यंत तो भाव सव्वा शिलिंगाच्या आसपास आला.

आता हिंदुस्थान सरकारची अडचण. ते कर रुपयांत गोळा करी आणि लंडनमधली देणी पौंडांत फेडी: इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला परतावा, इंडिया ऑफिसचा, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या कचेरीचा, खर्च. याला ‘होम चार्जेस’ म्हणत. समजा, वर्षाला १ कोटी पौंड पाठवायचे आहेत. रुपया २ शिलिंगांचा असेल तर पौंडाला १० रुपये पडतात आणि काम १० कोटींत भागतं. रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर आला की पौंडाला १५ रुपये, म्हणजे त्याच देण्याला १५ कोटी. लंडनला पोहोचणारी रक्कम तीच, पण इथल्या रयतेकडून दीडपट वसूल करायची.

सरकारने १८९३ साली तोडगा काढला: टाकसाळी लोकांसाठी बंद. चांदी घेऊन या आणि रुपये घेऊन जा, हे संपलं. रुपये दुर्मीळ झाले आणि त्यांची किंमत त्यांच्यातल्या चांदीपेक्षा वर चढली. १८९८ पर्यंत भाव १ शिलिंग ४ पेन्सवर टेकला. म्हणजे रुपया आता चांदीवर छापलेली नोटच झाला. दिसायला धातूचा, पण त्याची किंमत धातूत नव्हती, सरकारच्या शिक्क्यात होती.

त्याच सुमाराला चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या फाउलर समितीने सुचवलं होतं की इथेही सोन्याची नाणी चालू करा. ते झालं नाही. त्याऐवजी हळूहळू एक वेगळीच व्यवस्था उभी राहिली, तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. देशात फिरायचं ते रुपया आणि नोटाच; सोनं राहायचं मुख्यतः लंडनला. हिंदुस्थानात पैसे चुकते करायचे असलेल्या व्यापाऱ्याने लंडनला भारतमंत्र्यांच्या (हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या) कचेरीकडून हुंडी विकत घ्यायची (तिला कौन्सिल बिल म्हणत), आणि इकडे त्याच्या माणसाने सरकारी तिजोरीतून रुपये घ्यायचे. रुपया घसरू लागला तर उलट्या दिशेच्या हुंड्या विकून तो सावरायचा. बाहेरचा भाव टिकवायचा, आत सोनं खेळवायची गरज नाही. ही व्यवस्था स्वस्त आणि हुशारीची आहे असं म्हणणाऱ्यांत ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स होते. १९१३ साली त्यांनी तिचं जोरदार समर्थन केलं होतं.

तिशी ओलांडलेल्या आंबेडकरांनी नेमका याच व्यवस्थेवर हल्ला चढवला.

त्यांचं म्हणणं काय होतं

टाकसाळ लोकांसाठी बंद झाली, सरकारसाठी नाही. सरकार हवे तेव्हा, हवे तितके रुपये पाडू शकत होतं. पूर्वी चांदीची मर्यादा होती, ती गेली. सोन्याची यायची होती, ती आलीच नाही. तेव्हा रुपये किती, हा प्रश्न अधिकाऱ्यांच्या मर्जीवर आला. त्यातून रुपये वाढतात, रुपये वाढले की वस्तू महागतात. लंडनमध्ये रुपयाचा भाव एका आकड्यावर टिकलेला दिसतो आणि सरकार खूश असतं, पण दादरच्या किंवा दापोलीच्या बाजारात त्याच रुपयाला कमी तांदूळ येतो. आंबेडकरांचा मुद्दा इतका साधा होता: रुपया स्थिर करायचा असेल तर त्याची घरातली क्रयशक्ती स्थिर करा. बाहेरचा भाव हा त्याचा परिणाम आहे. परिणाम धरून ठेवला म्हणून कारण सुधारत नाही.

दुसरा मुद्दा मला त्याहून धारदार वाटतो. रुपयात जितक्या किमतीची चांदी असे, त्याहून त्याची दर्शनी किंमत जास्त. म्हणजे प्रत्येक रुपया पाडताना सरकारला नफा. हा नफा सुवर्ण राखीव निधीत जमा होई, आणि हा निधी आहे म्हणून रुपया सुरक्षित आहे असं सांगितलं जाई. आंबेडकरांनी विचारलं, हा निधी वाढतो कसा? जास्त रुपये पाडले तरच. म्हणजे ज्या रुपयांची हमी द्यायची, तेच वाढवल्याशिवाय हमी वाढत नाही. देणं आणि ठेव एकमेकांच्या शेपटीला बांधलेली. असल्या निधीने किंमत टिकत नसते. नाणी मर्यादेत पाडली तर ती टिकते, आणि मर्यादा असेल तर निधीची गरजही फारशी राहत नाही.

त्यांचा उपाय कडक होता. रुपयाची टाकसाळ सरकारसाठीसुद्धा कायमची बंद करा. सोन्याच्या नाण्याची टाकसाळ उघडा. सोन्याचं नाणं आणि रुपया यांचा भाव एकदाच ठरवा आणि दोन्ही व्यवहारात चालू द्या, पण एकाच्या बदल्यात दुसरं देण्याचं बंधन सरकारवर नको. थोडक्यात, चलन वाढवायची चावी मंत्र्याच्या खिशातून काढून घ्या.

प्रबंधाचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेतच लिहिलं की त्यांना आंबेडकरांची बरीच टीका मान्य नाही. तरीही व्यवहारातला निष्कर्ष बरोबर असावा, अशी कबुली दिली. त्यांचं कारण गमतीदार आहे: साधं सुवर्ण परिमाण (चलन थेट सोन्याशी बांधणारी पद्धत) समजणारे राज्यकर्ते मुळातच थोडे, आणि ही विनिमयाची गुंतागुंत समजणारे त्याहून कितीतरी कमी. न समजणाऱ्यांच्या हातून ती बिघडेल, आणि समजणारे तिचा गैरवापर करू शकतील. आपल्या विद्यार्थ्याचं सगळं पटत नाही, हे त्याच्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांवर सांगणारा गुरू आणि ते तसंच छापणारा विद्यार्थी. आजच्या प्रस्तावना वाचणाऱ्यांना हे नवलाचं वाटेल.

धडाही लवकरच मिळाला होता. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली, रुपयाचा भाव सरकारला वर सरकवत न्यावा लागला आणि १९२० साली सरकारने तो थेट २ शिलिंगांवर बांधायचा प्रयत्न केला. काही महिन्यांत तो कोसळला. भाव धरून ठेवायला उलट्या हुंड्या विकण्यात सरकारने मोठा तोटा सोसला, आणि अर्थातच तो तोटा कोणा अधिकाऱ्याच्या पगारातून गेला नाही.

फायदा कोणाचा, कोणाच्या खिशातून

१९२५ च्या सुमारास वाद पेटला तो भावाचा: रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा हवा की १ शिलिंग ६ पेन्सचा? हा पेन्सांचा वाद वाचताना जांभई येते, पण त्यात मुंबईचे गिरणीमालक, निर्यातदार आणि सरकार हातघाईवर आले होते. रुपया स्वस्त असला की बाहेर माल विकणाऱ्याला एका पौंडामागे जास्त रुपये मिळतात, आणि परदेशी कापड इथे महाग पडतं. म्हणून व्यापारी मंडळींना १ शिलिंग ४ पेन्स हवे होते आणि त्याला ते राष्ट्रीय मागणी म्हणत. मुंबईचे उद्योगपती सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी पुढे चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनच्या अहवालाला याच मुद्द्यावर भिन्नमतपत्रिका जोडली.

आंबेडकरांनी त्या राष्ट्रीय मागणीची फोड केली. रुपया पाडला की निर्यात करणाऱ्याला जो फायदा होतो तो परदेशातून आलेला नसतो, असं त्यांनी लिहिलं. तो याच देशातल्या एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला असतो. किमती वाढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. मधला फरक मालकाला मिळतो आणि मजूर तो भरतो. राष्ट्रवादाच्या लाटेत असं बोलणं लोकप्रिय नव्हतं. पण हाच प्रश्न, फायदा नेमका कोणाचा आणि बिल कोणाच्या नावावर, ते पुढे आयुष्यभर विचारत राहिले. माझ्या मते त्यांच्या अर्थकारणाचे दोनच खांब आहेत: एक हा प्रश्न, आणि दुसरा, ज्याच्या हातात पैशाची चावी आहे त्याचे हात नियमाने बांधा.

आता रिझर्व्ह बँकेकडे येऊ. हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनपुढे १५ डिसेंबर १९२५ रोजी आंबेडकरांची साक्ष झाली. कमिशनने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँक काढण्याची शिफारस केली, तिचा कायदा १९३४ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. इतकं खरं. पण त्यांच्या निवेदनाचा भर बँकेवर नव्हता, टाकसाळ बंद करण्यावर आणि सोन्याच्या नाण्यांवर होता. कमिशनने नाणी न सुचवता सोन्याच्या लगडींवर आधारलेली व्यवस्था सुचवली, आणि भावही १ शिलिंग ६ पेन्स नक्की केला. म्हणजे त्यांचं सगळं मान्य झालं असं म्हणता येत नाही. चलनाची सूत्रं सरकारच्या रोजच्या मर्जीपासून दूर ठेवावीत ही दिशा मात्र दोन्हीकडे आहे. तेव्हा ‘बँक त्यांनी स्थापन केली’ हे अतिरेकी आणि ‘त्यांचा काही संबंध नाही’ हे अडाणीपणाचं.

सोन्याबाबत काळाने त्यांना साथ दिली नाही. १९३१ मध्ये ब्रिटनने सोनं सोडलं, पाठोपाठ जगाने. मंदीत सोन्याला चिकटून बसलेल्या देशांचे हाल झाले. औषध चुकलं असेल, निदान मात्र आजही ताजं आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून महागाईचं लक्ष्य लिहिलं गेलं. ४ टक्के, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मोकळीक, आणि ते चुकलं तर बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची. रुपयाची घरातली क्रयशक्ती आधी, असं कायद्याने सांगणं, हे आंबेडकरांच्या १९२३ च्या युक्तिवादाचं थेट अपत्य आहे असा माझा दावा नाही. पण त्यांनी वाचलं असतं तर त्यांना ते परकं वाटलं नसतं.

शेतीच्या तुकड्यांपासून खोतांपर्यंत

सिडनहॅममध्ये शिकवत असताना, १९१८ साली, त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांवर एक निबंध लिहिला. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच: शेतीचे तुकडे फार झालेत, ते जोडा, म्हणजे शेती सुधारेल. आंबेडकर म्हणाले, शेत लहान की मोठं हे एकरांवरून ठरत नाही. त्यावर किती माणसं, बैल, अवजारं आणि भांडवल लागतं त्यावरून ठरतं. आपल्याकडे भांडवल थोडं आणि माणसं फार, म्हणून तुकडे होतात. माणसांना दुसरं काम नाही म्हणून ती जमिनीला चिकटून राहतात. तुकडे जोडाल, पण रिकाम्या हातांचं काय? त्यांचं उत्तर होतं उद्योगधंदे वाढवा, माणसं शेतीबाहेर काढा, मग उरलेल्यांची शेती आपोआप सुधारेल. खेड्यात चला, असं सांगण्याच्या काळात २७ वर्षांचा एक प्राध्यापक हे लिहीत होता.

मुंबई कायदेमंडळात आल्यावर, १९२७ मध्ये, सरकारने लहान शेतांचं विधेयक आणलं तेव्हा त्यांनी त्याला याच आधाराने विरोध केला. त्याच वर्षी अंदाजपत्रकावर बोलताना शेतसाऱ्याची चिरफाड केली. व्यापाऱ्याला उत्पन्न झालं आणि ते ठरावीक मर्यादेवर गेलं तरच प्राप्तिकर. एका एकराच्या मालकाला मात्र पीक येवो वा न येवो, सारा द्यायचाच, आणि तोही जहागीरदाराच्याच दराने. कर कसा बसवू नये, याचं यापेक्षा सोपं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

मग खोती. कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत, सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला असे. गावचा सारा सरकारला त्याने द्यायचा आणि कुळांकडून वाटा घ्यायचा. त्यात पिकाचा मोठा हिस्सा तर होताच, शिवाय वेठही. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, तेव्हा हे त्यांना पुस्तकातून कळण्याची गरज नव्हती. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं: खोताला वाजवी भरपाई, आणि कुळाचा सरकारशी थेट संबंध, रयतवारी पद्धतीने. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. विधेयक तेव्हा पुढे सरकलं नाही. खोती गेली १९४९ च्या कायद्याने.

मजूर खात्याचं टेबल

जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्री. नाव मजूर खातं, पण त्याखाली बांधकाम, खाणी, वीज आणि पाणी असा पसारा होता.

या काळाबद्दलही एक निरोप फिरतो: कामाचे तास १२ किंवा १४ वरून त्यांनी ८ केले. नेमकं असं झालं: १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. त्यांच्या कारकिर्दीत आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली; हंगामी कारखान्यांसाठी मर्यादा ५० तासांची झाली. बारमाही कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ तासांची झाली. आठवड्याला ६ तास कमी, तोच पगार घरी नेण्याच्या लढ्यात ही क्षुल्लक गोष्ट नाही, फुगवून सांगायची गरजही नाही. सरकार, मालक आणि कामगार एकाच टेबलाशी बसतील अशी त्रिपक्षीय परिषद १९४२ साली सुरू झाली. सेवायोजन कार्यालयांची सुरुवातही या काळातली.

सगळंच गोड नव्हतं. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारने १९४३ मध्ये बायकांना खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली, आणि कायदेमंडळात त्या निर्णयाचं समर्थन आंबेडकरांना करावं लागलं. तात्पुरती सोय आहे, आणि पुरुषाइतकीच मजुरी बाईलाही मिळेल, यावर त्यांनी भर दिला. १९४६ मध्ये बंदी परत आली. मंत्री झालेल्या विचारवंताची परीक्षा अशाच वेळी होते, आणि हा पेपर त्यांना फार मार्क देऊन जात नाही, असं मला वाटतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र अर्थतज्ज्ञ पूर्ण रंगात दिसतो. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. पूर म्हणजे आपत्ती, बंधारे घालून पाणी समुद्रात लोटा, ही जुनी रीत. आंबेडकरांची भूमिका अशी की पाणी जास्त आहे हे दुःख नाही. लोक पाण्यावाचून जितके मरतात तितके पुराने मरत नाहीत, तेव्हा ते अडवा, वीज काढा, शेतीला द्या, नावा चालवा. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा नमुना समोर होता आणि तिथले एक अभियंता सल्ल्याला आले होते. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला आणि नोव्हेंबरमध्ये कटकला त्यांनी प्रांतांच्या परिषदा घेतल्या. नदी दोन प्रांतांतून वाहते तर तिचा हिशेब एकत्र व्हायला हवा, प्रांतांच्या हद्दी तिला माहीत नसतात. केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग १९४५ मध्ये उभा राहिला. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला, हिराकूडचं कामही पुढे मार्गी लागलं.

एक कोडं

मार्च १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या आपल्या पक्षातर्फे त्यांनी संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केलं. त्यातली आर्थिक कलमं वाचून १९२३ चा प्रबंध वाचलेला माणूस चक्रावतो. मुख्य उद्योग सरकारचे, विमा सरकारचा आणि प्रत्येकाला सक्तीचा, शेतजमीनसुद्धा सरकारची आणि गावकऱ्यांनी ती सामूहिक कसायची. ज्या सरकारच्या हाती रुपये पाडायची टाकसाळ द्यायला हा माणूस तयार नव्हता, त्याच्या हाती सगळं शिवार?

त्यांचं उत्तर त्याच निवेदनात आहे. सरकारने हात काढून घेतला की माणूस मोकळा होतो, हा समज त्यांना मान्य नव्हता. सरकार बाजूला झालं तर मजुरावर मालकाची आणि कुळावर जमीनदाराची सत्ता येते, आणि तिला निवडणूकही नसते. ज्याची चूल आजच्या मजुरीवर पेटते त्याला भाषणस्वातंत्र्य कागदावरच. शिवाय, ही सगळी व्यवस्था त्यांना राज्यघटनेतच लिहून हवी होती, उद्याच्या बहुमताला ती मोडता येऊ नये म्हणून. म्हणजे इथेही सत्तेला नियमाने बांधणं आहेच. तरीसुद्धा मला हे कोडं पूर्ण सुटल्यासारखं वाटत नाही. सामूहिक शेताचा कारभारी गावात कोण होणार, आणि त्याच्या मर्जीपासून दलित मजुराला कोण वाचवणार, हा प्रश्न खुद्द आंबेडकरांनीच सगळ्यात आधी विचारला असता. १९५१ च्या त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात सूर बराच मवाळ झालेला दिसतो: उत्पादन वाढणं महत्त्वाचं, जिथे सरकारी मालकी उपयोगी तिथे ती, जिथे खाजगी धंदा चांगला चालेल तिथे तो.

ती कलमं घटनेत आली नाहीत. पण अर्थतज्ज्ञाच्या खुणा घटनासभेच्या चर्चेत जागोजाग आहेत. महालेखापरीक्षक हा घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं त्यांनी १९४९ मध्ये म्हटलं. सरकारने किती कर्ज काढावं यावर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते, या तरतुदीवर बोलताना ते म्हणाले की संसद हे करेल अशी आशाच नव्हे, अपेक्षाही आहे. अशी मर्यादा घालणारा वित्तीय जबाबदारीचा कायदा आला २००३ साली, आणि त्यातले आकडे त्यानंतर कितीदा पुढे ढकलले गेले हे अंदाजपत्रकं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळात मात्र या अर्थतज्ज्ञाला अर्थाचं काही मिळालं नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्याचं गाजलेलं कारण, आणि मुलीला वारसाहक्क देणारं ते बिल म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचाच प्रश्न होता. पण राजीनाम्याच्या निवेदनात त्याआधी दुसरी एक तक्रार आहे. नियोजनाचं खातं देऊ असं पंतप्रधानांनी कबूल केलं होतं. ते निघालं उशिरा आणि निघालं तेव्हा आपल्याला वगळलं. आपण मुळात अर्थशास्त्राचे आणि वित्ताचे विद्यार्थी, म्हणून मंत्रिमंडळाच्या अर्थविषयक समितीवर तरी घेतील अशी अपेक्षा होती; तिथेही आधी वगळलं, आणि पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळाने नेमलं. परराष्ट्र धोरणावरची टीकाही त्यांनी हिशेबाने केली: वर्षाला ३५० कोटी रुपये महसूल गोळा होतो आणि त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, कारण आपल्याला मित्र उरले नाहीत.

कोलंबियाच्या पीएचडीचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी बदलत गेली हा. १८३३ पासून सगळा पैसा कलकत्त्याच्या तिजोरीत, प्रांतांनी मागून घ्यायचा. १८७१ पासून थोडी थोडी मोकळीक, पण दर काही वर्षांनी करार नव्याने, आणि शेवटचा शब्द केंद्राचाच. १९२५ च्या त्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की असे प्रांत स्वायत्त नसतात, केंद्राच्या खतावणीतली खाती असतात. राज्यघटनेच्या २८० व्या कलमाने ही वाटणी एका स्वतंत्र वित्त आयोगाकडे सोपवली. त्याचं सगळं श्रेय एकट्या आंबेडकरांना देता येणार नाही, कारण संविधान सभेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही ते सुचवलं होतं. पण मसुदा त्यांच्या समितीचा होता आणि त्या खोलीत या विषयावर ग्रंथ लिहिलेला माणूस होता. पहिला आयोग के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नोव्हेंबर १९५१ मध्ये नेमला गेला. तेव्हा आंबेडकर मंत्रिमंडळात नव्हते. या आयोगाने प्राप्तिकरातला राज्यांचा वाटा ५० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर नेला.